कावेरीतील महसीर : संवर्धनाचाच फटका

म्हैसूर जिल्ह्यातील बेट्टदपुरपासून जवळच वाहणाऱ्या कावेरीच्या खोऱ्यात माशाची एक जात नामशेष होण्याच्या मार्गावर आहे. उंच पाठीचा, नारिंगी परांचा हा महसीर ५० किलोहून अधिक वजनाचा होऊ शकतो आणि कावेरीच्या खोऱ्याबाहेर तो मूळचा कोठेही आढळत नाही.

या संकटाचा एक धागा महाराष्ट्रात पोहोचतो. पुण्याच्या मुळा-मुठेतून १८३९ मध्ये शास्त्राला परिचित झालेला निळसर परांचा महसीर वाचविण्यासाठी लोणावळ्यात टाटांच्या वीज कंपनीने १९७०च्या दशकात त्याची बीजनिर्मिती हाती घेतली. हे मत्स्यबीज देशातील अनेक जलाशयांत आणि कावेरीतही सोडण्यात आले. हेतू चांगला होता. मात्र पाहुणा मासा स्थिरावला आणि मूळ रहिवासी मागे पडला.

१९९८ ते २०१२ या काळातील गळकऱ्यांच्या नोंदींवरून हा बदल स्पष्ट होतो. महसीरांची एकूण संख्या वाढत राहिल्याने स्थानिक जातीची घट दीर्घकाळ झाकली गेली. धरणांमुळे बदललेला प्रवाह, वाळूउपसा आणि सुरुंगांनी होणारी मासेमारी यांनी तिच्या अडचणीत भर घातली.

या माशाची शास्त्रीय ओळख २०१८ मध्ये निश्चित झाली. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय लाल यादीत त्याची ‘अतिसंकटग्रस्त’ अशी नोंद झाली. नदीत मासे किती, यापेक्षा ते कोणते, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. मत्स्यबीज सोडण्यापूर्वी खोऱ्यानिहाय जातींचा विचार करणे म्हणूनच अपरिहार्य ठरते.