अनुभव आहे, कागद नाही

आमच्या केंद्रात बाई येते ती बहुधा पोटगीसाठी, नाहीतर अंगावरचे वळ दाखवायला. गेल्या वर्षी एक जण आली ती मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत पगाराच्या पावत्या घेऊन. म्हणाली, "ताई, पोटगीचं वकीलबाई बघतायत. मला माझी पाच वर्षं सिद्ध करून द्या."

बी.सी.एस. झालेली, पुण्यात एका कंत्राटदारामार्फत मोठ्या कंपनीत लागलेली. कामावर घेताना पद दिले डेटा एन्ट्री ऑपरेटर. प्रत्यक्षात ती काय करीत होती? नव्या माणसाला संगणकावर किती आणि कशाकशाची मुभा द्यायची ते बघणे, सोडून गेलेल्यांची मुभा त्याच दिवशी काढून घेणे, रोजच्या नोंदी चाळून संशयास्पद काही दिसले तर वर कळवणे. थोडक्यात, कंपनीच्या किल्ल्या तिच्या हातात होत्या. पगार मात्र टंकलेखनाचा.

आता तिला सीआयएसएसपी हे माहिती-सुरक्षेचे प्रमाणपत्र हवे आहे. आयएससी-टू ही संस्था ते देते. नुसती परीक्षा देऊन भागत नाही. ठरवून दिलेल्या आठ विषयांपैकी किमान दोन विषयांत मिळून पाच वर्षांचे पगारी काम दाखवावे लागते. संगणकाची पदवी असेल तर एक वर्ष माफ. हे ऐकून मी आधी भडकलेच. पाच वर्षे सलग नोकरी बाईला कोण करू देतो? पण नियम नीट वाचल्यावर राग थोडा आवरावा लागला. सलग असण्याची अट नाही. अर्धवेळ कामही धरतात, आठवड्याला किमान वीस तास असेल तर. असे 2,080 तास भरले की पूर्णवेळचे एक वर्ष. परीक्षा आधी देऊन अनुभव नंतर भरायचा असेल तर सहा वर्षांची मुदत मिळते. पाच वर्षांच्या कामाला सहा वर्षे! म्हणजे लग्न, बाळंतपण, सासूचे आजारपण हे सगळे त्या एका वर्षात बसवायचे. आयसाका संस्थेचे सीआयएसएम याहून कडक, तिथे अर्जाआधीच्या दहा वर्षांतलाच अनुभव चालतो. मुले मोठी करून परतणाऱ्या बाईचे जुने काम तिथे शिळे ठरते.

आम्ही दोघी हिशेबाला बसलो. पूर्णवेळ तीन वर्षे. पहिल्या मुलीनंतर दोन वर्षे रोज पाच तास; रजा वजा जाता 2,080 तासांच्या वरच, म्हणजे आणखी एक. पदवीचे एक. झाली पाच! तिच्या चेहऱ्याकडे मी बघतच राहिले. घरी नवरा तिला "तू केलंस काय आजवर" असे ऐकवायचा.

पण हिशेब वहीत जमला, कागदावर नाही. कंत्राटदाराच्या पत्रात एकच ओळ: अमुक तारखेपासून डेटा एन्ट्री ऑपरेटर. अर्धवेळच्या दोन वर्षांचा उल्लेखच नाही. परीक्षा झाल्यावर नऊ महिन्यांच्या आत त्या संस्थेच्या प्रमाणपत्रधारकाने तुमच्या अनुभवाला दुजोरा द्यायचा असतो. असा माणूस ओळखीत नसेल तर संस्था स्वतःही तपासते. पण तपासणार काय? पत्रच ना! आणि परीक्षेची फीच 749 डॉलर, साठ हजार रुपयांच्या वर. पोटगीची वाट बघणाऱ्या बाईने ती कागदाच्या भरवशावर भरायची.

माझे म्हणणे असे की आपला झगडा त्या परदेशी संस्थेशी कमी आणि इथल्या पदनामांशी जास्त आहे. शेतात राबणारी सातबाऱ्यावर नसते, तशी ही सुरक्षेचे काम करणारी पत्रावर नसते. रात्रपाळीचेही तसेच. या क्षेत्रातली नजर ठेवण्याची कामे चोवीस तास चालतात. "बायकांना रात्री नको" म्हणून काळजी दाखवली जाते आणि अनुभव पुरुषांच्या नावे जमा होतो. घरी सोडणारी गाडी मागा, पाळी सोडू नका.

21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत कंत्राटी कामगाराने मागितल्यास, केलेल्या कामाचा तपशील असलेले अनुभवपत्र कंत्राटदाराने द्यावे, अशी तरतूद आहे. कंत्राटदाराच्या कायम नोकरीत असलेल्यांना ती लागू होईलच असे नाही. तरी आपल्या गटांत आयटीत काम करणाऱ्या मुली असतील तर त्यांना सांगा, पत्र नोकरीत असतानाच मागा. कंपनीच्या छापील कागदावर, कामाचे वर्णन, तारखा आणि आठवड्याचे तास यांसह. सोडून गेल्यावर साहेब फोन उचलत नाही.

आम्ही कंत्राटदाराला दोन पत्रे लिहिली, तिसऱ्या वेळी त्याच्या कचेरीत जाऊन बसलो. नवे पत्र मिळाले. कामाचे वर्णन आले आहे, अर्धवेळची दोन वर्षे अजूनही नाहीत. पुढच्या सोमवारी पुन्हा जाणार आहोत, पगाराच्या पावत्यांची पिशवी घेऊन.