पलटणीचा गुरू कसा घडावा?

भारतीय सेनेत धर्मगुरू हे एक रीतसर पद आहे, हे आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नसते. पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री आणि बौद्ध भिक्षू अशी ही भरती होते. निवड झालेला माणूस नायब सुभेदार, म्हणजे ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर होतो. २०२२ साली अशा १२८ जागांची जाहिरात निघाली होती. त्यांपैकी १०८ पंडितांच्या होत्या. जागा थोड्या, पण या मंडळींशी संबंध येणारे जवान लाखांच्या घरात. म्हणूनच त्यांच्याकडून कोणती तयारी मागितली जाते, हा प्रश्न केवळ नोकरभरतीचा राहत नाही.

त्या जाहिरातीतल्या अटी स्पष्ट होत्या. वय २५ ते ३६ आणि कोणत्याही शाखेची पदवी. पंडिताला संस्कृतातील शास्त्री किंवा आचार्य, नाहीतर कर्मकांडाची पदविका. ग्रंथीला पंजाबीतील ग्यानी. मौलवीला अरबीतील आलिम किंवा उर्दूतील अदीब आलिम. पाद्रीला रीतसर दीक्षा झालेली हवी आणि स्थानिक बिशपच्या यादीत नाव हवे. शिवाय १.६ किलोमीटर अंतर आठ मिनिटांत धावून दाखवायचे. मग सामान्यज्ञान आणि धर्मज्ञान अशा दोन लेखी परीक्षा, आणि शेवटी मुलाखत.

आता कामाची यादी पाहा. पूजापाठ आणि प्रवचन तर आहेच. पण अंत्यविधीला उभे राहणे, इस्पितळातल्या आजाऱ्यांची विचारपूस करणे, शिक्षा भोगणाऱ्या सैनिकाला भेटणे, कुटुंबांची काळजी वाहणे हेही त्याच्याकडेच. पात्रता ग्रंथांची तपासली, आणि काम मात्र माणसांचे दिले. बँकेत उमेदीची वर्षे काढलेल्या माणसाला ही तफावत लगेच ओळखू येते. सात-बारा, जामीनदार, सही-शिक्के सगळे चोख असूनही कर्जदार कळत नाही; त्यासाठी बांधावर जाऊन त्याच्याशी बोलावे लागते.

आमच्या जिल्ह्याला या विषयाचे मोल सांगायला नको. ऑक्टोबर २०२३ मध्ये पिंपळगाव सराईचा अग्निवीर अक्षय गवते याला सियाचीनमध्ये कर्तव्यावर असताना मृत्यू आला. त्याच गावाजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे आणि तिथल्या यात्रेला सर्व जातिधर्मांची माणसे जातात. धामणगाव बढ्याच्या आसपास पहाटे भरतीसाठी धावणारी पोरे याच मातीतली. त्यांची श्रद्धा नोंदवहीतल्या धर्माच्या रकान्यात मावत नाही. बर्फातल्या चौकीवर अशा पोराचा धीर सुटला, तर त्याला मंत्र किती शुद्ध म्हटला यापेक्षा आपले कुणी ऐकून घेतले की नाही, हे महत्त्वाचे वाटणार.

रकान्यांचीच गोष्ट निघाली म्हणून आणखी एक. बौद्ध भिक्षूचे पद त्या जाहिरातीत महायान परंपरेसाठी आणि लडाख स्काउट्सकरिता होते. लडाखसाठी ते योग्यच आहे. पण १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांसोबत धम्मदीक्षा घेतलेल्यांच्या नातवंडांची परंपरा महायानाची नाही. महार रेजिमेंट १९४१ साली बेळगावात उभी राहिली. तिच्यात आणि इतर पलटणींत महाराष्ट्रातले बौद्ध जवान आहेत. त्यांच्या मनाचा हिशेब कोणत्या रकान्यात मांडायचा?

अमेरिकेत वेगळी रीत आहे. तिथला चॅप्लेन कमिशन्ड अधिकारी असतो. धर्मशास्त्रातली पदव्युत्तर पदवी आणि आपल्या धर्मसंस्थेची शिफारस त्याला लागते. दुसऱ्या शाखेतला अधिकारी चॅप्लेन व्हायला निघाला, तरी त्याचीही यातून सुटका नाही. तो शस्त्र उचलत नाही आणि जवानाने विश्वासाने सांगितलेले बाहेर फोडत नाही. आपण त्याचे पद उसने घेण्याची गरज नाही. सुभेदाराच्या दर्जाचा गुरू जवानाला अधिक जवळचा वाटतो, हा आपल्या रीतीचा फायदाच आहे. मात्र गुप्ततेचा तो नियम घेण्याजोगा आहे. सांगितलेली गोष्ट कंपनी कमांडरच्या टेबलावर जाईल अशी शंका आली, की जवान तोंड उघडत नाही.

आणि अधिकाऱ्याचे काय? आपल्याकडे हे पद त्याचे नसले, तरी पलटणीच्या धर्मविधीत तो जवानांच्या पुढे उभा असावा, अशी अपेक्षा असते. लेफ्टनंट सॅम्युअल कमलेसन या ख्रिस्ती अधिकाऱ्याने आपल्या रेजिमेंटच्या देवस्थानात गाभाऱ्यापर्यंत जायला नकार दिला. २०२१ साली त्याला सेवेतून काढले. दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये ती कारवाई योग्य ठरवली आणि नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेपास नकार दिला. आज्ञापालनाचा प्रश्न त्यामुळे मिटला. पण जवानाची श्रद्धा आणि आपली श्रद्धा यांची सांगड अधिकाऱ्याने कशी घालावी, हे कोर्टाच्या निकालातून शिकता येत नाही. ते आधी शिकवावे लागते.

त्यासाठी नवी इमारत बांधायला नको. पुण्यात इन्स्टिट्यूट ऑफ नॅशनल इंटिग्रेशन ही सेनेची संस्था आहे. निरनिराळ्या धर्मांचे गुरू तिथे एका छपराखाली शिकतात. ही कल्पना फार मोलाची आहे. पलटणीत रुजू होण्यापूर्वी प्रत्येक तरुण अधिकाऱ्याने तिथे थोडे दिवस या गुरूंच्या शेजारी बसावे. गुरूंच्या निवडीत दोन लेखी परीक्षांच्या जोडीला तिसरी कसोटी असावी: खचलेल्या माणसासमोर तासभर बसून तो काय ऐकतो आणि काय बोलतो, याची. आणि महाराष्ट्रातल्या बौद्ध जवानांसाठी त्यांच्या परंपरेचा भिक्षू नेमण्याचा विचार व्हावा.

शास्त्री पदवी देणारी विद्यापीठे आपल्याकडे पुष्कळ आहेत. दुसऱ्याचे दुःख निमूट ऐकण्याची पदवी कुठलेच विद्यापीठ देत नाही. तो अभ्यासक्रम सेनेलाच चालवावा लागेल.