पाय कोठे गमावला जातो?

मधुमेहाने पाय जाणे हे आपल्याकडे प्राक्तन समजले जाते. दुखणे जुने, साखर आवाक्याबाहेर, एके दिवशी बोट काळे पडले आणि पाय कापावा लागला. यात दोष कोणाला द्यावयाचा, असे म्हणून घरची माणसे मनाची समजूत घालतात. परंतु इंग्लंडने अशा शस्त्रक्रियांचा विभागवार हिशेब मांडला आहे व तो या समजुतीच्या मुळावरच घाव घालणारा आहे. तो वाचकांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

त्या देशात १९४८ पासून राष्ट्रीय आरोग्यसेवेच्या रुग्णालयांतील उपचारांसाठी नागरिकांना पैसे मोजावे लागत नाहीत. गाठीस पैसा नव्हता म्हणून पाय गेला, असे तेथे म्हणता येणार नाही. तथापि मार्च २०१० अखेरच्या तीन वर्षांच्या नोंदी तपासून २०१२ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात १५१ स्थानिक आरोग्य-विभागांत विलक्षण तफावत आढळली. घोट्याच्या वर पाय कापावा लागण्याचे प्रमाण एका विभागात दर हजार मधुमेहींमागे वर्षाला ०.२२, तर दुसऱ्या विभागात २.२०, म्हणजे दहापट होते. शिवाय जेथे मधुमेहींचे पाय अधिक कापले जात, तेथे मधुमेह नसलेल्यांचेही अधिक कापले जात असल्याचे दिसून आले. तेव्हा सारा दोष एकट्या मधुमेहाच्या माथी मारता येत नाही.

दारिद्र्य आणि धूम्रपान यांचा यात वाटा नाही, असे आम्ही म्हणत नाही. तंबाखूने पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद होतात, आणि जुन्या गिरण्या व खाणी असलेल्या उत्तर इंग्लंडात हे प्रमाण दक्षिणेहून अधिक आहे. पण एवढ्यावर हात झटकून मोकळे होता येत नाही, हे इप्सविच या गावाने दाखविले आहे. मधुमेहाचे वैद्य, शल्यवैद्य आणि पायांची निगा राखणारे कर्मचारी तेथे एकत्र काम करू लागले. कापलेल्या प्रत्येक पायाची नोंद सातत्याने ठेवली गेली. १९९५ ते २००५ या अकरा वर्षांत तेथील मधुमेहींचे पाय अथवा बोटे कापण्याचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरले. मधुमेह काही त्या गावातून हद्दपार झाला नव्हता. जखमेकडे होणारे दुर्लक्ष तेवढे कमी झाले होते.

हा धडा दूरदेशीचा म्हणून बाजूस सारणे आपणांस परवडणारे नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत, आणि आपल्या शेजारच्या गोव्यात हे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत अधिक आहे. अनवाणी वावरण्याची आपली सवय जुनी. पायाची संवेदना बोथट झालेल्या माणसास चपलेने आलेला फोड वा घरीच ब्लेडने कापलेले कुरूप दुखत नाही. आणि दुखत नाही म्हणूनच तो दवाखान्याची पायरी चढत नाही.

आमच्या मते दोन गोष्टी तातडीने व्हावयास हव्यात. प्रत्येक जिल्हा रुग्णालयाने आणि महापालिकेच्या रुग्णालयांनी वर्षाकाठी किती पाय कापावे लागले, याचा आकडा जाहीर करावा. आकडा चव्हाट्यावर आल्यावाचून तुलना होत नाही आणि तुलनेवाचून लाज वाटत नाही. दुसरे असे की, मधुमेहीचे पाय उघडे करून पाहिल्यावाचून कोणाही डॉक्टरने त्यास परत पाठवू नये. इप्सविचच्याच डॉक्टरांनी सुचविलेली परीक्षा तर घरीही करता येते. रुग्णाने डोळे मिटावेत. दुसऱ्याने दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट व करंगळी यांच्या टोकांना क्षणभर हलकेच बोट लावावे. सहांपैकी दोन वा अधिक स्पर्श कळले नाहीत, तर वेळ न दवडता डॉक्टर गाठावा.

शल्यवैद्याच्या टेबलावर पाय कापला जातो खरा. पण तो गमावला जातो त्यापूर्वीच, न पाहिलेल्या जखमेपाशी. ती जखम वेळीच पाहण्याची व्यवस्था आपल्या शहरात आहे काय, हा प्रश्न नागरिकांनी आता आपल्या प्रतिनिधींना विचारला पाहिजे.