भरपाई की लाच?

अणुकचरा आपल्या परिसरात नको म्हणणारा माणूस एक तर अडाणी, नाही तर स्वार्थी, असा सोयीस्कर समज सत्ताधाऱ्यांनी आणि त्यांच्या पदरच्या तज्ज्ञांनी रूढ केला आहे. स्वित्झर्लंडमधील वोल्फेनशीसन गावचा अनुभव निराळे सांगतो. कमी व मध्यम किरणोत्सर्गी कचरा तेथील डोंगरात पुरण्याची योजना होती. फ्राय व ओबरहोल्झर-गी या अर्थशास्त्रज्ञांनी १९९३ साली रहिवाशांना विचारले, तेव्हा ५०.८ टक्क्यांनी होकार दिला. तोही धोका ओळखून! मात्र वार्षिक भरपाईचे आमिष पुढे करताच होकार २४.६ टक्क्यांवर घसरला. रक्कम वाढवूनही जवळजवळ कोणी बधले नाही. आम्ही वर्गात आयुष्यभर फळ्यावर काढलेल्या मागणी-पुरवठ्याच्या आकृतीत हे बसत नाही, हे कबूल केले पाहिजे. नागरिक म्हणून जो भार उचलायला माणसे तयार होती, त्याचा भाव पुकारला जाताच त्यांना त्यात लाचेचा वास आला.

पुढे १९९५ व २००२ साली निडवाल्डेन कँटनच्या मतदारांनी या योजनेस परवानगी नाकारली. त्यानंतर काय झाले? २००३ च्या अणुऊर्जा कायद्याने कँटनांचा नकाराधिकारच काढून घेतला! देशव्यापी सार्वमताची वाट तेवढी शिल्लक ठेवली आहे. त्यात या चिमुकल्या कँटनची मते कितीशी मोजली जाणार?