सेंट्रिफ्यूज स्वस्त झालं, म्हणून कैगा चुकीचं ठरत नाही

युरेनियमचं समृद्धीकरण आता कवडीमोल झालंय, जग समृद्ध इंधन जाळतंय आणि आमचं कैगा अणुवीज केंद्र नैसर्गिक युरेनियम व जड पाणी कवटाळून बसलंय, हा निव्वळ हट्ट, असं जोयड्यात एका जाणत्या गृहस्थांनी परवा ठासून सांगितलं.

यातलं अर्धं खरं आहे. जुनी वायुविसरण पद्धत विजेची खादाड. विलगीकरणाच्या एका एककाला तिला सुमारे 2,400 युनिट वीज लागे. सेंट्रिफ्यूजला 50च्या आसपास पुरते. फ्रान्समधला त्रिकास्तँचा विसरण कारखाना तीन अणुभट्ट्यांची वीज घेई. 2012 मध्ये तो बंद झाला.

पण हिशेब विजेपाशी थांबत नाही. खाणीतल्या युरेनियममध्ये कामाचा युरेनियम-235 फक्त 0.7 टक्के. त्याचं 4 टक्क्यांचं एक टन इंधन करायला, उरलेल्या चोथ्यात पाव टक्का सोडला तर, आठ टन नैसर्गिक युरेनियम लागतं. ते एक टन साध्या पाण्याच्या भट्टीत साधारण 45,000 मेगावॉट-दिवस उष्णता देतं, म्हणजे खाणीतल्या टनामागे साडेपाच हजार. कैग्याच्या भट्टीत तोच टन समृद्ध न करता सात हजारांच्या घरात देतो. सेंट्रिफ्यूज उद्या फुकट फिरलं तरी सात टनांचा चोथा उरतोच. ज्या देशाला युरेनियम जपून वापरायचंय, त्याने हा आकडा आधी मांडायला हवा.

जड पाणी महाग? आहे. पण ते इंधनासारखं जळून जात नाही. गळेल तेवढं भरायचं.

आणि तारापूरचं अणुवीज केंद्र? 1969 पासून ते अमेरिकी समृद्ध इंधनावर चाललं. भारताच्या 1974 च्या अणुचाचणीनंतर तो पुरवठा अडला, शेवटी 1982 मध्ये फ्रान्सकडे जावं लागलं. भाव कितीही उतरो, नळ दुसऱ्याच्या हातात होता.

गृहस्थ म्हणाले, समृद्धीकरणाला वीज लागली असती तरी काळी नदी होतीच. हे ऐकून मला राहवत नाही. अख्खं सुपा गाव काळीवरच्या धरणाखाली गेलं, माणसं रामनगरला येऊन बसली. काळीच्या विजेची किंमत शून्य धरणाऱ्यांशी मी वर्षानुवर्षं भांडत आलोय, यापुढेही भांडेन.

जड पाण्याच्या भट्टीचा आणखी एक फायदा: कैग्यात भट्टी चालू ठेवूनच इंधनाचे गठ्ठे बदलतात. म्हणून पहिली भट्टी 2018 च्या 31 डिसेंबरपर्यंत सलग 962 दिवस चालली. 700 मेगावॉटच्या पाचव्या-सहाव्या भट्ट्याही जड पाण्याच्याच ठरल्या आहेत, आणि ते योग्यच झालं.