चूक सापडली, तर गप्प बसू नका

विद्यार्थी मित्रहो, 'रामाने रावणाला मारले' हे वाक्य 'रावणाला रामाने मारले' असे लिहिले, तरी मेला कोण याबद्दल तुम्हाला शंका येत नाही. ही किमया विभक्तीच्या प्रत्ययांची. संगणकाच्या पुष्कळ भाषांत मात्र असे प्रत्यय नसतात. तेथे शब्दाची जागा हीच त्याची ओळख.

प्रोलॉग ही अशीच एक भाषा. १९७२ च्या सुमारास फ्रान्समधील मार्से येथे ती जन्मली. तिच्यात आधी खऱ्या गोष्टी नोंदवायच्या आणि मग प्रश्न विचारायचा. 'मारले(राम, रावण)' या नोंदीत पहिली जागा मारणाऱ्याची, दुसरी मरणाऱ्याची. समजा, नोंद करताना जागांची अदलाबदल झाली. मग 'रावणाला कोणी मारले?' असे विचारले, तर संगणक कसलीही तक्रार न करता सांगेल : कोणीच नाही! यंत्र बंद पडले तर निदान कळते तरी. शांतपणे दिलेले चुकीचे उत्तर अधिक घातक.

प्रोलॉगमध्ये इतरांनी लिहून ठेवलेल्या तयार आज्ञांचा संच वापरता येतो. त्याला लायब्ररी म्हणतात. आमच्या परळीतील एका विद्यार्थ्याने असा एक संच वापरला. माहितीपत्रकात जागांचा क्रम एक, आत प्रत्यक्षात दुसराच! दोन दिवस तो स्वतःच्याच चुका शोधत होता. शेवटी त्याने जागा उलटून पाहिल्या आणि उत्तर बरोबर आले. मी विचारले, "मग कळवलेस का?" तो म्हणाला, "सर, छापलेले कसे चुकेल? आणि परळीच्या पोराचे कोण ऐकणार?"

मला वाईट वाटले, ते या उत्तराचे. पुस्तकातल्या उत्तराशी जुळावे म्हणून प्रयोगवहीतील वाचन बदलणारा विद्यार्थी हाच विचार करतो. विज्ञानात मात्र कोण सांगतो याला महत्त्व नाही. पुन्हा करून पाहिले असता तेच दिसते का, याला आहे.

म्हणून चूक कळवा, पण नीट कळवा. आधी स्वतःचे काम पुन्हा तपासा. मग चूक दिसेल असे लहानात लहान उदाहरण तयार करा. तुम्ही काय दिले, माहितीपत्रकाप्रमाणे काय यायला हवे होते, प्रत्यक्षात काय आले आणि संचाची आवृत्ती कोणती, एवढेच लिहा. दोषारोप नको. चूक आज्ञेत आहे की माहितीपत्रकात, हे कर्त्यांना ठरवू द्या. आज्ञेतला क्रम बदलला, तर त्यावर विसंबून लिहिलेली इतरांची कामे बिघडू शकतात.

अमेरिकेतील संगणकशास्त्रज्ञ डॉनल्ड क्नूथ आपल्या पुस्तकांतील चूक प्रथम दाखवणाऱ्याला २ डॉलर ५६ सेंट बक्षीस देत आले आहेत. मोठ्या माणसाला चूक दाखवणारा शत्रू वाटत नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, उद्या वर्गात एखाद्याने फळ्यावरची चूक दाखवली, तर त्याला खाली बसवू नका. परळीच्या पोराचे ऐकणारे पहिले माणूस आपणच असायला हवे.