विकेट चालते, चहा चालत नाही

भातकापणी उरकली की शहापूर-मुरबाडच्या खाचरांत पीच तयार होतं, टेनिस बॉलचे सामने सुरू होतात. नाक्यावर फलक लागतो आणि तळाशी ओळ असते: ‘स्पर्धा समाजापुरती मर्यादित’. वर बक्षीस, खाली जात. खुल्या स्पर्धेत बक्षीस मोटारसायकलीचं असलं, की फलक लावणारी हीच मंडळी परजातीचा फलंदाज पैसे मोजून आणतात. तेव्हा समाज कुठे जातो?

हा हिशोब जुना आहे. बाळू पालवणकर चर्मकार. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर नेटमध्ये गोलंदाजी करायचा. सवर्णांना त्याचा पुळका आला नाही. गोऱ्यांना हरवायचं होतं म्हणून त्याला हिंदूंच्या संघात घेतलं. त्याचा चेंडू चालला, चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात. १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूनं शंभरावर बळी घेतले. तरी पालवणकरांच्या घरात हिंदू संघाचं कर्णधारपद आलं १९२३ साली, तेही त्याच्या धाकट्या भावाकडे, विठ्ठलकडे.

गॅरी बेकर या अर्थतज्ज्ञानं १९५७ मध्ये मांडलं, की भेदभाव करणाऱ्यालाच त्याचा भुर्दंड बसतो. मान्य. पण भेदभाव सोडल्याचा नफा कोणाच्या खिशात जातो? अमेरिकन बेसबॉलमध्ये ब्रुकलिन डॉजर्सनं जॅकी रॉबिन्सनला उचललं, तेव्हा त्याच्या जुन्या कृष्णवर्णीय संघाला छदामही मिळाला नाही. दार उघडतं ते मालकाच्या गरजेपुरतं.

आमच्याकडे तर बाजाराला दार लावायचीही गरज पडत नाही. पावसाळ्यातच घेतलेली उचल फेडायला कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, पोरंही जातात. सामन्यांचा हंगाम तोच भट्टीचा हंगाम. ज्या पोराला कोणी खेळताना पाहिलंच नाही, त्याची बोली कोण लावणार? वर आपण म्हणायला मोकळे, ‘गुणवत्ता असेल तर पुढे येईलच!’ येईल कुठून? विटा थापून?

पुढच्या वर्षी माझ्या दारात वर्गणीला याल, तर आधी फलकावरची ती ओळ खोडून या. आणि एक संघ भट्टीवरून आणा, त्यांच्या त्या दिवसांच्या बुडणाऱ्या मजुरीसकट. माझी पावती त्या मजुरीच्या खात्यावर फाडा.